तिसापर्यंतचं चांदणं

ही गोष्ट २०१९ सालची. त्या वर्षी दत्तजयंती अकरा डिसेंबरला, बुधवारी आली होती, आणि त्या रात्री शर्मिष्ठा मनोरीच्या समुद्रकाठच्या खडकांवर कॅमेऱ्याच्या तिवईशेजारी उभी होती. वय एकाहत्तर. अंगात स्वेटर, कानाला मफलर, साडी घोट्याच्या वर खोचलेली. ती हौसेनं आली नव्हती. हौस दहा वर्षांपूर्वीच सरली होती. तिला एक खोली वाचवायची होती.

खोली पार्ले पूर्वेला, छायाचित्र मंडळाच्या तळमजल्यावरच्या जागेत. जागा मूळची कुणाच्या तरी बिऱ्हाडाची. बाहेरच्या खोलीत मंडळाच्या सभा व्हायच्या आणि आतल्या स्वयंपाकघराची डार्करूम केलेली. ओट्यावर निगेटिव्ह मोठी करून छापायचा एन्लार्जर, मोरीत फोटो धुवायचे ट्रे, खिडकीला दुपदरी काळं कापड आणि वर लाल दिवा. किल्ली शर्मिष्ठाकडे. मंगळवार आणि शनिवार, संध्याकाळी पाच ते आठ. एके काळी ओट्यापाशी जागा मिळावी म्हणून पोरं आपसांत भांडायची आणि ती त्यांना मास्तरणीसारखी दटावायची. मग डिजिटल कॅमेरे आले, पाठोपाठ मोबाइल आले, आणि पोरं यायची थांबली. गेल्या दोन वर्षांत तिच्याशिवाय तिघंच जण आत आले होते, आणि त्यातला एक विजेचं मीटर बघायला आलेला.

तरी ती पाचच्या ठोक्याला कुलूप उघडायची. ट्रे विसळायची, पुसायची, पालथे घालायची. लग्न केलं नव्हतं. विमा कंपनीतली नोकरी संपूनही तेरा वर्षं झाली होती. तिसऱ्या मजल्यावरच्या घरात दुधाची पिशवी आणि पेपर यांखेरीज दारात काही येत नव्हतं. त्या दोन वारांना मात्र साडेचार झाले की ती स्वतःशीच मोठ्यानं म्हणायची, "अगं बाई, उशीर झाला!" आणि चपला सरकवून जिना उतरायची. हे म्हणायला मिळतं, एवढ्यासाठी तिला ती खोली हवी होती. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं नव्हतंच ते.

नोव्हेंबरच्या सभेत विद्याधरनं विषय काढला. विद्याधर मंडळाचा अध्यक्ष. कॉलेजात असताना त्यानं पहिला फोटो तिच्याच देखरेखीखाली धुतला होता, आता स्वतः बासष्टीचा झाला होता.

"ताई, मी सरळच बोलतो."

"वाकडं कधी बोललायस?"

"ती आतली खोली मोकळी करूया. मोठा प्रिंटर घ्यायचाय, कॉम्प्युटर ठेवायचाय. सभासद विचारतात, त्या खोलीत असतं काय?"

"मी असते ना," शर्मिष्ठा म्हणाली.

कुणी हसलं नाही. कोपऱ्यातून चैतन्य म्हणाला, "काकू, फिल्म भारी असते, मान्य. पण जमाना गेला यार तिचा. आणि रात्रीच्या फोटोला तर विचारूच नका. चांदण्यात फिल्म आंधळी होते."

चैतन्य चारकोपचा. चौतीस वर्षांचा, अंधेरीला एका कंपनीत नोकरी, मूळ गाव मालवणकडचं. आजोबा गिरणीत होते. पोरगा मनानं निर्मळ, पण बोलताना पुढंमागं बघायचा नाही. एरवी शर्मिष्ठानं सोडून दिलं असतं. पण चांदण्याचं नाव निघालं आणि तिच्या मानेची शीर ताठ झाली.

"आंधळी होत नाही. आळशी होते," ती म्हणाली. "दिवसा ती चटकन उठते. रात्री तिला हाक मारून वाट बघत बसावं लागतं. हिशेबानं दीड मिनिट पुरायला हवं, तिथं दहा मिनिटं द्यावी लागतात. ज्याला थांबता येत नाही त्याच्यासाठी ती आंधळी."

"आमचा कॅमेरा वीस सेकंदांत उठतो, काकू."

"उठेल. पण बघतो काय, ते बघायला हवं."

विद्याधरनं तिथल्या तिथं तोडगा काढला. एकाच रात्री, एकाच जागेवरून दोन फोटो, एक फिल्मवर, एक डिजिटलवर. जानेवारीतल्या प्रदर्शनात दोन्ही शेजारीशेजारी लावायचे. चांदणं कशात खरं वाटतं ते येणाऱ्यांनी चिठ्ठीवर लिहायचं. फिल्मला जास्त मतं पडली तर डार्करूम पाच वर्षं कुणी हलवायची नाही. नाही पडली तर ताईंनी किल्ली द्यायची.

"चालेल," शर्मिष्ठा म्हणाली. घरी येऊन चहा टाकल्यावर तिच्या लक्षात आलं की चांदण्यातला फोटो तिनं आयुष्यात कधी एकटीनं काढलेला नाही.

काढायच्या त्या दोघी. जयंती आणि ती. शाळेपासूनच्या मैत्रिणी, पार्ल्याच्या एकाच गल्लीतल्या. दोन भिंगांचा, वरून खाली बघायचा तो जुना कॅमेरा दोघींनी अर्धे अर्धे पैसे घालून घेतला होता. पहिल्यांदा मनोरीला गेल्या तेव्हा जयंतीच्या घरच्यांनी राखणीला तिचा थोरला भाऊ बरोबर धाडला. त्याला सगळे भाऊच म्हणायचे. मनगटी घड्याळ एकट्या भाऊकडे होतं, म्हणून दहा मिनिटं मोजायचं काम त्याच्याकडे दिलं. भाऊ खडकाला टेकून बसला आणि पाचव्या मिनिटाला घोरायला लागला. दोघी भाबडेपणानं त्याच्या इशाऱ्याची वाट बघत उभ्या. पाऊण तास! त्या फोटोत मनोरीला भर दुपार झाली होती.

घड्याळ बघायला बॅटरी लावावी तर उजेड भिंगात शिरायचा. मग जयंतीलाच सुचलं, पाढे म्हणूया. शाळेत बाईंनी छडीच्या धाकानं तिसापर्यंत घोकून घेतलेले पाढे. दोघींनी घरी घड्याळ लावून बघितलं. बे ते तीस, न रेंगाळता आणि न धावता म्हटले की बरोबर दहा मिनिटं. पण एकीनंच म्हणायचे तर घसा सुकायचा. म्हणून आळीपाळीनं. बेचा जयंतीनं, तिनाचा शर्मिष्ठानं, चारचा जयंतीनं. जयंतीचं गणित कच्चं. "समाचे तेवढे मला दे बाई," ती म्हणायची, "तुझे ते सतरा आणि एकोणीस तुलाच लखलाभ." तीस दाहे तीनशे झालं की जयंती कळ सोडायची आणि मग दोघी एकदम श्वास टाकायच्या. रात्री मुक्काम गावातल्या एका ख्रिस्ती आजींकडे. आजी पहाटे उठून विचारायच्या, "काय गं पोरींनो, पोचलात का तिसाला?"

अशी जवळजवळ चाळीस वर्षं. जयंतीचं लग्न झालं, मुलगा झाला, नवरा गेला, तरी मार्गशीर्षातली पौर्णिमा दोघींची. २००९ साली मुलगा केयूर तिला बंगळूरला घेऊन गेला. कॅमेरा शर्मिष्ठाकडे राहिला. त्यानंतर ती दिवसाचे फोटो काढत राहिली, जुन्या निगेटिव्हवरून प्रिंट करत राहिली. पण पौर्णिमेला घराबाहेर पडली नाही.

फ्रिजमध्ये लोणच्याच्या बरणीमागे फिल्मचे दोन रोल होते, मुदत उलटून गेलेले. नवी फिल्म मागवायला वेळ नव्हता. जुनी फिल्म आणखी आळशी असते, हे तिला ठाऊक होतं. पण दहा मिनिटांत ती उठते, हेही ठाऊक होतं.

दत्तजयंतीला संध्याकाळी मार्व्याच्या धक्क्यावरून दोघं फेरीबोटीत बसली. चैतन्यनं तिची पिशवी घेतली.

"काकू, यात विटा भरल्यात काय?"

"कॅमेरा आहे. पूर्वी कॅमेरे वजनानंच कळायचे."

आजींचं घर आता राहिलं नव्हतं. त्या जागी पर्यटकांसाठी खोल्या होत्या, कुंपणाला रंगीत दिवे लावलेले. खोल्या चालवणाऱ्या पोराला आजींचं नाव सांगितल्यावर तो म्हणाला, "ते आमच्या आधीचे असतील."

दहाच्या सुमाराला चंद्र माथ्याकडे आला. भरती लागलेली. खडकांच्या पायाशी पाणी पोचायला तासभर होता, तेवढ्यात काम उरकायचं होतं. जागा तिनं बरोबर ओळखली. डावीकडे बोंबील वाळत घालायचे बांबू असायचे, ते आता नव्हते. बाकी खडक तेच, त्याच जागी.

आधी चैतन्यनं काढला. वीस सेकंदं. बेचा एक पाढा म्हणून होईल तेवढा वेळ. कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर फोटो उमटला आणि तो तिच्यासमोर धरून म्हणाला, "बघा! झकास ना?"

शर्मिष्ठानं चष्मा सारखा केला. खडकावरचं शेवाळ हिरवं दिसत होतं. वाळू पिवळी. आकाश निळंशार, त्यात टाचणीच्या टोकाएवढ्या स्वच्छ चांदण्या. इतकं स्पष्ट तिला स्वतःला समोर दिसत नव्हतं.

"फार सुरेख आहे," ती मनापासून म्हणाली. "पण हे दुपारचं नाही का वाटत?"

"त्यात काय, अंधार करतो." त्यानं दोन बटणं दाबून दुसरा काढला. आता वाळू राखाडी झाली, आकाश गडद झालं. "आता?"

"आता रात्र वाटते."

"आणि निळा करू का थोडा? पिच्चरमध्ये असतो तसा?"

"तुला कसा दिसतोय समुद्र, आत्ता?"

चैतन्यनं समुद्राकडे बघितलं. जरा वेळ बघितलं. "खरं सांगू काकू? तसा काहीच रंग नाय दिसत. पण फोटोत असं ठेवलं तर लोक म्हणतील, कॅमेरा खराब आहे."

"तोच तर माझ्या काळ्या-पांढऱ्या फिल्मचा रंग," ती म्हणाली. "आणि सावली बघ. तुझ्या फोटोत खडकाची सावली सुरीनं कापल्यासारखी आहे. दहा मिनिटांत चंद्र सरकतो ना, तशी सावलीपण सरकते. फिल्मवर तिची कड मऊ होते. चांदण्याही टिंबं राहत नाहीत, बारीक रेघा होतात."

"ते मी पण करू शकतो. वीस-वीस सेकंदांचे तीस फोटो काढायचे आणि कॉम्प्युटरवर एकावर एक चढवायचे. दहा मिनिटं झाली की नाय?"

"झाली. तेवढ्या वेळात तू काय करशील?"

"मोबाइल बघेन," तो प्रामाणिकपणे म्हणाला, आणि दोघं हसली.

मग तिनं आपला कॅमेरा तिवईवर चढवला. कळ दाबून भिंग उघडं ठेवलं. एक हात तिवईवर, दुसऱ्या हातात काळा पुठ्ठा, कुणाच्या गाडीचा दिवा आलाच तर समोर धरायला. पूर्वी पुठ्ठा जयंतीकडे असे. किनाऱ्यावर लांब कुणीतरी गाडी वळवत होतं. तिचं लक्ष तिकडे, पाण्याकडे, पायाखालच्या ओल्या खडकाकडे. तोंडानं पाढे चालू झाले. अंधारात आपलाच आवाज तिला जुन्या रेडिओसारखा वाटला, घोगरा आणि लांबून येणारा. चैतन्य मागं खडकावर बसून निमूट ऐकत होता. मोबाइल त्यानं खिशात ठेवला होता.

तीन फोटो झाले. चौथ्याला पाणी तिवईच्या पायांना लागलं.

"काकू, तुम्ही एवढे पाढे पाठ कसे ठेवलेत?" परतताना त्यानं विचारलं.

"छडी," ती म्हणाली.

शनिवारी पाच वाजता तिनं डार्करूम उघडली. चैतन्य मुद्दाम बघायला आला होता. तिनं फिल्म धुतली, डबी उघडली, ओली फिल्म दिव्यासमोर धरली, मग उलटी करून पुन्हा धरली.

"अजून यायचंय का?" चैतन्यनं विचारलं.

"आलंय तेवढंच."

तिन्ही चौकटी जवळजवळ कोऱ्या. समुद्राची एक पुसट रेघ आणि वर थोडा धूर असावा तसं आकाश. खडकांच्या जागी नुसती काच.

"फिल्म गेली असेल, जुनी होती ना. की वेळ कमी पडला?"

"दहा मिनिटं दिली, चैतन्य."

"दहा नाय हो काकू. पाच पण नसतील झाली. मी बघत होतो ना." तो जरा घुटमळला. "तुम्ही तीन म्हटला, मग पाच, मग सात. असे एक सोडून एक. शेवट एकोणतीसवर. मला वाटलं फिल्मला तशीच पद्धत असते."

शर्मिष्ठा स्टुलावर बसली. तिनं आठवून बघितलं. चार आठवेना. सहा आठवेना. अठ्ठावीस तर नाहीच. आपला पाढा म्हणून झाला की तिचं तोंड थेट आपल्या पुढच्या पाढ्यावर जात होतं. मधले दुसऱ्या कुणीतरी म्हणायचे होते.

"काकू, बरं वाटत नाय का? पाणी आणू?"

"नको रे. तू जा. मी बघते, ह्यातून काय निघतं ते."

तो गेल्यावर तिनं तीन तास खटपट केली. सगळ्यात कडक, पुसटही ठळक करणारा कागद घेतला, एन्लार्जरखाली उजेड कमी केला, वाढवला. खडक आले नाहीत. फिल्मवर जे पडलंच नाही ते कागदावर कुठून येणार?

पुढची पौर्णिमा प्रदर्शनाच्या आधी दहा जानेवारीला होती, पण त्या रात्री ग्रहण होतं. शिवाय खडकावरून आल्यापासून तिचा गुडघा सुजला होता. रात्री त्या गुडघ्याला तेल चोळताना तिला कपाटातल्या पत्र्याच्या डब्यांची आठवण झाली. डब्यांत निगेटिव्हची पाकिटं, तारखेवार लावलेली. मंगळवारी तिनं डबा उघडला. एका पाकिटावर जयंतीच्या गोल अक्षरात लिहिलेलं होतं, "मनोरी, मार्गशीर्ष १९८७". तीच जागा. तेच खडक. डावीकडे बोंबलांचे बांबू होते, ते एन्लार्जरमध्ये कडेला कापता येत होते. पाणी खाली होतं, पण ते कोण बघतं!

लाल दिव्याखाली ट्रेमध्ये कागद हलवताना खडक हळूहळू वर आले. आधी कडा, मग सावल्या, मग त्यांच्यामागे दुधासारखा सपाट समुद्र. निगेटिव्ह निम्मी माझीच आहे, ती मनाशी म्हणाली. निम्मे पाढे माझे होते. आणि खोली गेली तर?

तिनं प्रिंट धुऊन वाळत घातला.

प्रदर्शन जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात, पार्ल्याच्याच एका हॉलमध्ये. दोन्ही फोटो शेजारीशेजारी, खाली नावं नाहीत. माणसं येत होती, डावीकडे बघत होती, उजवीकडे बघत होती आणि उजवीकडे, शर्मिष्ठाच्या फोटोपाशी, थांबत होती. एक गृहस्थ बायकोला म्हणाले, "हे बघितल्यावर गार वाटतं नाही?" विद्याधर चष्मा कपाळावर सारून फोटोला नाक लावून उभा राहिला.

"ताई, पाणी इतकं कमी कसं? चैतन्यच्या फोटोत तर लाट खडकापाशी आहे."

तिनं तोंड उघडायच्या आत चैतन्यच म्हणाला, "दहा मिनिटांत लाटा पुसून जातात ना सर. मी होतो तिथं. आणि एक सांगू? निगेटिव्ह मी डोळ्यांनी बघितली होती. काच, नुसती काच! त्या काचेतनं काकूंनी हे काढलंय. मी माझी चिठ्ठी पण फिल्मलाच टाकली. ती खोली राहिलीच पाहिजे."

दोन दिवस तो येणाऱ्या प्रत्येकाला हेच सांगत होता. शर्मिष्ठा खुर्चीवर बसून ऐकत होती. लोक येऊन नमस्कार करत होते. श्वेता नावाची कॉलेजातली एक मुलगी म्हणाली, "आजी, मला शिकवाल का? शनिवारी येऊ?" शर्मिष्ठानं मान हलवली.

ठरल्याप्रमाणे दुसऱ्या दिवशी रात्रीच चिठ्ठ्या मोजल्या. फिल्मला दुपटीहून जास्त. विद्याधरनं फोटो मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, "मनोरी, दत्तजयंती २०१९. आपल्या शर्मिष्ठाताई." त्या ग्रुपवर जयंतीही होती. बंगळूरहून सकाळी फुलांचे फोटो पाठवायची.

शर्मिष्ठा घरी पलंगावर बसून फोनकडे बघत राहिली. आता कळणार. जगात एकाच माणसाला तो फोटो बघून कळणार होतं, आणि ते माणूस आता बघणार होतं. तिला भीती वाटली. भीतीच्या तळाशी आणखी काहीतरी होतं, आणि ते सुखासारखं होतं. जयू काय लिहील? "अगं चोरटे!" असं लिहील. सगळ्यांसमोर लिहील. लिहू दे.

साडेनऊला जयंतीचा निरोप आला. "शमे, काय सुंदर गं! आणि एकटीनं काढलास! मी असते तर थंडीनं कुडकुडून निम्म्यातच परत फिरले असते." खाली टाळ्या वाजवणाऱ्या हातांची चार चित्रं.

शर्मिष्ठानं निरोप तीनदा वाचला. मग वाट बघितली. थोड्या वेळानं आठवेल, मग लिहील. अकरा वाजले. बारा वाजले. फोनचा उजेड विझला की ती बोट लावून पुन्हा पेटवत होती. पहाटे दोनला तिनं फोन उशाखाली ठेवला. सत्याऐंशीच्या त्या रात्री खडकावर दोघी होत्या, एवढं आता फक्त तिलाच माहीत होतं. आणि विद्याधरनं लिहिलेलं तसंच राहिलं तर तिथं एकटी शर्मिष्ठाच उभी होती असं होणार होतं, कायमचं.

शेवटच्या दिवशी सकाळी हॉल उघडायच्या आधी ती पोचली. विद्याधर आणि चैतन्य खुर्च्या लावत होते.

"हा फोटो त्या रात्रीचा नाही," ती म्हणाली.

"कुठला?" विद्याधरनं विचारलं.

"माझा. सत्याऐंशी सालचा आहे. जयंती आणि मी काढलेला. त्या रात्रीच्या फिल्मवर काहीच आलं नव्हतं."

चैतन्यच्या हातातली खुर्ची हातातच राहिली. "म्हणजे त्या काचेतनं..."

"काही निघालं नाही."

"मी सगळ्यांना सांगत सुटलो ना काकू! वाट लागली माझी. येडा झालो मी."

"ऐकत होते मी. तेव्हाच थांबवायला हवं होतं तुला."

विद्याधर खुर्चीवर बसला. बराच वेळ टक्कल चोळत राहिला. "ताई, कुणाला कळलं नसतं हो."

"नाहीच कळलं. कुणालाच कळलं नाही, विद्याधर."

"मग सांगितलंत कशाला? आता मला किल्ली मागावी लागेल. ठरलंय तसं."

"माग ना."

तिनं पर्समधून किल्ली काढून टेबलावर ठेवली. मग त्याच्याकडून पेन घेतलं आणि फोटोखाली पांढरी पट्टी लावून त्यावर लिहिलं, "मनोरी, मार्गशीर्ष १९८७. जयंती आणि शर्मिष्ठा." अक्षर वाकडं आलं. चैतन्य तिच्याकडे न बघता खुर्च्या लावत राहिला. दुपारी बाराच्या सुमाराला तो शेजारी येऊन बसला.

"रागावलोय मी," तो म्हणाला.

"रागाव."

"होळीच्या पौर्णिमेला परत जाऊया. नवी फिल्म आणू. तुमचे तुम्ही म्हणा, दुसरे मी म्हणतो. मला पंधरापर्यंतच येतात, पण तोवर पाठ करीन."

"खोली गेली रे आता."

"खोलीसाठी नाय. असंच."

"बघू," ती म्हणाली.

त्या संध्याकाळी तिनं जयंतीला फोन लावला आणि सगळं सांगितलं. मग जयंती म्हणाली, "मनोरी आठवते गं. आजींच्या हातची कोलंबी आठवते. भाऊ घोरायचा ते आठवतं. हा फोटो नाही आठवत, शमे. खोटं कशाला बोलू?"

"नको बोलूस," शर्मिष्ठा म्हणाली.

होळीच्या आठवड्यात तिला सर्दी झाली, म्हणून मनोरीचं पुढं ढकललं. पंधरा दिवसांनी टाळेबंदी लागली आणि सगळंच बंद झालं.

मंडळाचा नवा प्रिंटर फेब्रुवारीत आला होता. दोन वर्षं कुलपात राहून त्याची शाई वाळली आणि तो भंगारात गेला. मंडळाची इमारत पुनर्विकासाला गेल्यावर विद्याधर मुलीकडे पुण्याला राहायला गेला. मंडळ आता व्हॉट्सॲपवर आहे, तिथं वाढदिवसाच्या शुभेच्छा असतात. श्वेता पुन्हा कधी दिसली नाही. भाऊ २०२० च्या ऑगस्टमध्ये बोरिवलीला वारला. त्याला पोचवायला चारच माणसांना परवानगी होती आणि जयंतीला येता आलं नाही. जयंतीची नजर गेल्या तीन वर्षांत बरीच अधू झाली आहे. फोन केयूर धरतो, तिला ऐकूही कमी येतं, त्यामुळं बोलणं म्हणजे शर्मिष्ठानं ओरडायचं आणि जयंतीनं "हो, हो" म्हणायचं. चैतन्यनं लग्न केलं. तो सुट्टीत लग्नांचे फोटो काढतो. एन्लार्जर त्यानं मंडळाकडून मागून घेतला आणि चारकोपच्या घरी माळ्यावर ठेवला आहे. त्याचा मनोरीचा फोटो एका कॅलेंडरवर छापून आला, डिसेंबर महिन्याला. एक प्रत त्यानं शर्मिष्ठाला आणून दिली होती.

शर्मिष्ठाची इमारतही पाडली. नवीन होईपर्यंत तिला अंधेरीला अकराव्या मजल्यावर भाड्याचं घर मिळालं आहे. दोन वर्षं म्हणाले होते, तिसरं संपत आलं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून तिला लांबचं स्पष्ट दिसतं. खिडकीतून चंद्र दिसतो, पण खाली रात्रभर इतके दिवे असतात की चांदणं कुठं पडत नाही. तो समोरच्या टॉवरच्या वर आला की ती पडदा ओढून घेते आणि झोपते.